लालबागचं स्टेज फाईट वर्कशॉप: कॉलेजच्या म्युझिकलची मारामारी इथे बसवली, त्याचा रिव्ह्यू

लालबागला एका जुन्या व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर स्टेज फाईटचं वर्कशॉप चालतं. आमच्या कॉलेजच्या म्युझिकलमधली सगळी मारामारी आम्ही तिथे बसवून घेतली आणि तेव्हापासून बऱ्याच ग्रुपमधून विचारणा येतेय की कसं आहे, पैसे किती, जावं का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. सरांना स्वतःचं नाव असं ऑनलाइन फिरलेलं आवडत नाही, त्यामुळे नुसतं सर लिहितेय. माझं मत आधीच सांगते. फाईट बसवायला बिनधास्त जा, नुसता हॉल हवा असेल तर दुसरीकडे बघा, आणि तुमच्या सीनमध्ये मुली असतील तर एक गोष्ट आधी बोलून घ्या, ती पुढे लिहिलीय.

मी या नाटकाची असिस्टंट डिरेक्टर, म्हणजे फाईटची वही माझ्याकडे. कोण कुठे उभा, तालाच्या कुठल्या मात्रेला, म्हणजे ठोक्याला, कुठला हात, कोण कुणाकडे बघणार हे सगळं त्या वहीत, त्यामुळे इथे जे लिहितेय ते ऐकीव नाही.

आमचं नाटक गिरणी संपावरचं. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्या टीममधल्या कितीतरी पोरांना हे पुस्तकातून नाही तर घरातून माहीत, कुणाचे आजोबा साच्यावर, म्हणजे मागावर होते, कुणाचे स्पिनिंगला. नाटकात दोन भाऊ आहेत, थोरला शेवटपर्यंत संपात, धाकट्याच्या घरात दाणा नाही म्हणून तो पोलिसांच्या गाडीमागून परत कामावर जायचं ठरवतो. पहिली मारामारी गिरणीच्या गेटवर, दोन गट, काठ्या, डफ आणि ढोलकी. दुसरी रात्री चाळीच्या पटांगणात, फक्त दोघं भाऊ, मध्ये पडणारी वहिनी, आणि शेवटी आई येऊन थोरल्याच्या कानाखाली वाजवते. आणि हे सगळं गाण्यात आहे हां, म्हणजे मारामारी संपली की धाकट्याला लगेच उभं राहून गायचंय, दमलेल्या छातीने.

आता आपल्याकडे एकांकिकेत काय होतं ते सगळ्यांना माहितीय. थोबाडीत मारायची असेल तर खरीच मारतात. समोरच्याचा गाल लाल झाला की विंगेत सगळे खूश, "काय कडक वाजवलीस" म्हणून पाठ थोपटतात, आणि ज्याला लागली तो पण हसून घेतो कारण नाही म्हटलं तर तो नाजूक ठरतो. मला हे कधीच पटलेलं नाही. कानशिलावर बसलेल्या उघड्या हाताने कानाचा पडदा फाटू शकतो, ही काही दुर्मिळ गोष्ट नाही, कुठल्याही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारा. म्हणून आम्ही सरळ डिरेक्टरकडे हट्ट धरला की फाईटसाठी माणूस आणायचा, पैसे ड्रेपरीतून, म्हणजे कपड्यांतून कमी करू, नेपथ्यात एक लेव्हल, म्हणजे उंच चौथरा, कमी घेऊ, पण माणूस आणायचाच.

सर मूळचे फिल्मलाईनचे, स्टंटमध्ये बरीच वर्षं काढलेली, नंतर स्टेजकडे वळले. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं आता उड्या मारायला लावणार. त्यांनी लावलं काय तर दोघादोघांना समोरासमोर उभं केलं आणि नुसतं बघायला सांगितलं. हात वर करायचा, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, त्याने मान हलवली तर पुढे, नाही हलवली तर हात खाली. एवढंच, कितीतरी वेळ. पोरं कंटाळली, एकदोघं कुजबुजायला लागले, पण सर ढिम्म. नंतर कळलं की सगळी फाईट त्या एका गोष्टीवर उभी आहे. मारणाऱ्याने आधी दाखवायचं की येतोय, मार खाणाऱ्याने डोळ्यांनी सांगायचं की ये, मग हात फिरतो, मग रिअ‍ॅक्शन. आणि डोळ्यातून हो आलं नाही तर तो फटका नाटकातून गेला, प्रेक्षकांना काही कळत नाही, पुढच्या मात्रेला पुढचा.

म्हणजे स्टेजवर मारामारी चालवतो तो मार खाणारा. माझ्यासाठी या वर्कशॉपमधली सगळ्यात मोठी गोष्ट ही. बघणाऱ्याला वाटतं मारणारा भारी, पण वेग, वेळ, वेदना, आवाज सगळं दुसऱ्याच्या हातात असतं. वहिनीचे केस धरून ओढायचा सीन आहे ना, तो घ्या. धाकटा मूठ बंद करून तिच्या डोक्यावर ठेवतो, केस मुठीत घेतच नाही. ती दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडून स्वतःच्या डोक्यावर घट्ट दाबून धरते, आणि मग चालते ती. तो नुसता तिच्यामागून ओढला जातो पण दिसतं असं की हाच तिला फरफटवतोय. तिने हात सोडले की सीन संपला, इतकं सोपं. गळा दाबायचा असतो तिथेही तसंच, हात गळ्यावर नाही, खाली कॉलरबोनच्या हाडावर टेकलेले, दाब बाहेरच्या बाजूला, आणि ज्याचा गळा धरलाय त्याने मनगटं धरून स्वतःकडे खेचायची. आमच्या वहिनी झालेल्या मुलीने एका तालमीत सांगितलं की आता मला या सीनची भीती नाही वाटत कारण ब्रेक माझ्या हातात आहे. त्या दिवशी मला वाटलं पैसे वसूल.

थोबाडीतचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. दोघांत अंतर इतकं ठेवायचं की हात पूर्ण सरळ केला तरी बोटं चेहऱ्यापर्यंत पोचत नाहीत. मग प्रेक्षकांच्या कोनाचा हिशोब, दोघं प्रेक्षकांच्या नजरेच्या साधारण एका रेषेत, एकामागे एक उभे, म्हणजे मधली मोकळी जागा हॉलमधून दिसत नाही. हात चेहऱ्यासमोरून जातो आणि त्याच क्षणी आवाज येतो, तो आवाज म्हणजे टाळी, सर त्याला नॅप म्हणतात. टाळी कोण देणार ते आधी ठरलेलं असतं, कधी मार खाणारा स्वतः छातीपाशी हातावर हात मारतो, कधी मारणारा स्वतःच्या मांडीवर, कधी गर्दीतला तिसराच कुणी पाठ करून उभा असतो तो देतो. आईच्या थोबाडीतला आम्ही तिसरा माणूस वापरला, चाळीतला शेजारी. यशवंत नाट्यमंदिरात प्रयोग झाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी मोठ्याने "अगं आई गं" केलं, आणि आईच्या हातात आणि थोरल्याच्या गालात चांगलं वीतभर अंतर होतं.

एका तालमीला आमच्या संस्कृतच्या मॅडम आल्या होत्या, त्या खाली बसून हे सगळं बघत होत्या आणि मग म्हणाल्या की हे तर भरताने लिहून ठेवलंय. आम्हाला वाटलं कौतुक म्हणून बोलतायत, तर त्यांनी श्लोकच म्हणून दाखवला. नाट्यशास्त्रात सरळ सांगितलंय की रंगमंचावर शस्त्राने भेदू नये, छेदू नये, रक्त काढू नये, प्रहार फक्त खुणेने दाखवावा. शस्त्र चालवायच्या चार पद्धती दिल्यात, त्यांना न्याय म्हणतात, भारत, सात्वत, वार्षगण्य आणि कैशिक, आणि कुठल्या न्यायात वार कुठे दाखवायचा तेही दिलंय, कमरेवर, पायावर, छातीवर, डोक्यावर. सरांनी मॅडमना ते परत म्हणायला लावलं आणि एका मुलाला लिहून घ्यायला सांगितलं. परदेशात या कामाच्या संस्था अगदी अलीकडच्या, अमेरिकेतली सोसायटी ऑफ अमेरिकन फाईट डिरेक्टर्स १९७७ची, आणि आपल्याकडे ग्रंथात हे इतकं जुनं पडलेलं आहे तरी आपण एकांकिकेत खऱ्या कानाखाली मारतोय. मला तेव्हा खरंच राग आला.

आता संगीताचा भाग, कारण बाकी फाईटवाले आणि हे सर यांच्यात फरक इथे आहे. सर मोजतात आठात, डान्सवाल्यांसारखं. गेटच्या मारामारीला ढोलकीवर केरवा होता, आठ मात्रा, त्यामुळे ते सहज बसलं, काठी पहिल्या मात्रेला खाली, पाचव्याला वर, मधल्या मात्रांना पाय. पण भावांच्या मारामारीला आमच्या संगीतवाल्या मित्राने तबल्यावर रूपक घेतला होता, सात मात्रा. कारण विचारलं तर म्हणाला आठात दोघं बरोबरीचे वाटतात, सातात सतत काहीतरी एक कमी पडतंय असं वाटतं, आणि ती घरातली कमी मला हवीय. सर सुरुवातीला अडले, स्पष्ट म्हणाले मला हे मोजता येत नाही, आठात करून द्या. आमचा मित्र हटला नाही. मग तबलजी पोराने हातावर बोल म्हणून दाखवले, तीं तीं ना, धी ना, धी ना, आणि सांगितलं की रूपकात सम आणि खाली एकाच जागी, पहिल्या मात्रेवर, म्हणजे जिथे जोर अपेक्षित असतो तिथेच ताल रिकामा असतो.

सर उठून उभे राहिले. म्हणाले मग थोरल्याचा प्रत्येक फटका समेवर टाका आणि तो प्रत्येक वेळी चुकू दे, हवेत जाऊ दे. आणि धाकट्याचा जो एकच बसतो तो चौथ्या मात्रेवर, धी वर, जिथे डग्गा, म्हणजे तबल्यातला खर्जाचा, येतो. झालं. पूर्ण सीन तिथे उघडला. थोरला मारतोय मारतोय आणि सगळं रिकाम्या जागेवर पडतंय, कारण त्याला आतून भावाला मारायचंच नाहीये, आणि हे कुठल्याही संवादात लिहिलेलं नव्हतं. ज्यांना ताल कळतो ते बघून हलले, ज्यांना नाही कळत त्यांनाही पोटात काहीतरी झालं, प्रयोगानंतर लोकांनी तसं येऊन सांगितलं. माणसाला आपल्या विषयाबाहेरचं ऐकून घेऊन त्यातून नवीन काढता येतं की नाही यावर मी माणूस जोखते, आणि सर त्यात पूर्ण पास.

वेगाचा त्यांचा नियम कडक आहे. आधी पाव वेगात, तबला पण तेवढ्याच विलंबित लयीत, मग अर्ध्या, मग पाऊण. प्रयोगात सुद्धा पूर्ण वेग नाही, थोडा हातचा राखूनच. कारण लोकांसमोर उभं राहिलं की अंगात जोर येतो आणि लय आपोआप चढते, हे गाणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून त्यांनी लय सांभाळायची जबाबदारी तबलजीवर टाकली, नट कितीही पळायला लागले तरी तू हलायचं नाही, ते तुझ्याकडे येतील. आणि विंगेच्या बाजूला मॉनिटर स्पीकर हवाच असा आग्रह धरला, कारण स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोराला तबला ऐकू येत नसेल तर तो अंदाजाने काठी फिरवणार.

कॉलर माईकचं कुणीच आधी विचारात घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय, म्युझिकल करणाऱ्यांनी हे वाचाच. माईक छातीवर असेल आणि टाळी छातीपाशी दिली की स्पीकरमधून धप्प असा आवाज जातो, सगळी मजा गेली. ट्रान्समीटरचा डबा पाठीला कमरेवर लावलेला असतो, त्याच्यावर पडलं तर डबा फुटेल ते फुटेल, पाठीच्या मणक्यालाही लागणार. सरांनी साऊंडवाल्या दादांना एका तालमीला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून ठरवलं, छातीवरच्या टाळ्या सगळ्या मांडीवर किंवा तिसऱ्या माणसाकडे, डबा कमरेच्या बाजूला, पडायचं ते दुसऱ्या बाजूवर. पडणं म्हणजे आधी गुडघे वाकवून खाली बसायचं, मग मांडीची आणि कुल्ल्याची मऊ बाजू, मग खांदा सरकवत जमिनीवर. कोपर नाही, गुडघा नाही, माकडहाड तर नाहीच नाही. आमच्यातले दोघं शिवाजी पार्कला समर्थ व्यायाममंदिरात मल्लखांब शिकलेले, त्यांना अंग कसं सोडायचं ते माहीत होतं, बाकीच्यांना वेळ लागला. गुडघ्याला लावायचे पॅड धोबीतलावच्या स्पोर्ट्सच्या दुकानांतून आणा, व्हॉलीबॉलवाले पातळ मिळतात, लेंग्याखाली दिसत नाहीत.

श्वासावर पण काम केलं. प्रत्येक फटक्याला तोंडाने श्वास सोडायचा, धरून ठेवायचा नाही, आणि गाण्याच्या आधीच्या आवर्तनात धाकटा जमिनीवर पडून राहतो ते भावनेसाठी आहेच पण त्याला दम परत मिळावा म्हणूनही आहे. आधी डिरेक्टरने ती जागा तीन मात्रांची ठेवली होती, सरांनी भांडून ती वाढवून घेतली. गायक पोरगा त्यांच्या पाया पडायचा बाकी होता.

हत्यारांबद्दल. डिरेक्टरने कुठून तरी खरा धोटा मिळवला होता. मागावरचा तो लाकडी, दोन्ही टोकांना पोलादी टोकं असलेला, हातात घेतला की गिरणी डोळ्यासमोर येते. सरांनी तो हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाले हा नमस्कार करायला ठेवा, स्टेजवर नको. मग फोमचा तसाच बनवला, रंगवला, लांबून कळत नाही. फक्त फोम जमिनीवर पडला की आवाज येत नाही, म्हणून विंगेत बॅकस्टेजची मुलगी त्याच मात्रेला लाकडाचा तुकडा टाकते. काठ्या बांबूच्या नकोत म्हणाले, वेताच्या घ्या. बांबू फाटला की कपची निघते आणि ती डोळ्यात जाऊ शकते, वेत फाटला तरी त्याचे धागे सुटतात, टोकदार कपची उडत नाही. त्या काठ्या घेऊन लोकलने जायचं म्हणजे दादरला ब्रिजवर पोलीस थांबवणारच, तर कॉलेजचं लेटरहेडवरचं पत्र जवळ ठेवा, आम्हाला उपयोग झाला.

चाकू आम्ही एका भाड्याने सामान देणाऱ्याकडून आणला होता, पातं दाबलं की मुठीत जाणारा, स्प्रिंगचा. सरांनी तो टेबलावर परत परत दाबून दाखवला आणि मध्येच एकदा पातं अडकलं. बस्स, तो तिथेच बाजूला गेला. त्यांनी २००८मधला व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरचा किस्सा सांगितला, तिथे आत्महत्येच्या सीनमध्ये बोथट चाकूच्या जागी धारदार चाकू आला आणि नटाने भर प्रयोगात स्वतःचा गळा कापून घेतला, नशिबाने वाचला. प्रेक्षकांनी आधी टाळ्या वाजवल्या असंही तेव्हा छापून आलं होतं. आम्ही सगळे गप्प. नंतर अ‍ॅल्युमिनियमचा, कडा घासून गोल केलेला चाकू वापरला आणि वार प्रेक्षकांच्या पलीकडच्या बाजूला, हात आणि बरगडीच्या मधल्या जागेत. भाड्याच्या दुकानातून पातं आत जाणारे चाकू आणणाऱ्या सगळ्या ग्रुपना हात जोडून सांगते, आणू नका.

लेव्हलच्या कडांवर त्यांचा फार जोर. अमिताभना १९८२ला बंगळूरला ‘कुली’च्या शूटिंगमध्ये लागलं ते आपल्या सगळ्यांच्या आईवडलांना आठवतं, तिथे ठोसा आणि शेजारी टेबलाचा कोपरा, अंतर आणि कड, दोन्ही एकत्र आलं. सर म्हणतात मारामारीच्या जागेपासून टोकदार कड जितकी लांब नेता येईल तितकी न्या, नाहीच नेता आली तर फोम लावा आणि अंधारात चमकणारी टेप चिकटवा. डिरेक्टरला गेटच्या मारामारीत स्ट्रोब लाईट हवा होता, मला पण दिसायला आवडला असता, सरांनी सरळ नाही म्हटलं. लुकलुकत्या उजेडात समोरच्याचा हात किती लांब आहे ते डोळ्याला कळत नाही. प्रकाशयोजना करणाऱ्याने मग लाल आणि आडव्या उजेडात ते केलं आणि जास्त चांगलं दिसलं.

आणि फाईट कॉल. प्रत्येक प्रयोगाआधी, पहिल्या घंटेच्या बऱ्याच आधी, सगळी मारामारी अर्ध्या वेगात एकदा करायची, कपडे घालून, चपला असतील तर चपला घालून. टीममधला एक जण फाईट कॅप्टन, त्याचा शब्द शेवटचा, डिरेक्टर सुद्धा त्याच्यापुढे नाही. स्पर्धेत सेट लावायला वेळ मिळत नाही, युवा महोत्सवात तर एक टीम उतरते आणि दुसरी चढते, तरी हे करायचं, जागा नसेल तर बाहेर पार्किंगमध्ये करायचं. आम्ही केलं. मुंबईच्या दमट हवेत घामाने लाकडी फ्लोअर निसरडा होतो हे पण फाईट कॉलमध्येच लक्षात आलं आणि मध्यंतरात पुसून घेण्यासाठी एक मुलगा नेमला.

आता जे खटकलं ते.

हॉल चांगला नाही. छत खाली आहे, पंखे खाली आहेत, काठी डोक्यावर फिरवायचा प्रकार तिथे करताच येत नाही, ते आम्हाला शेवटी कॉलेजच्या जिमखान्यात करावं लागलं. मध्ये एक खांब आहे. गाद्या पातळ आणि जुन्या, पावसात त्यांना वास येतो. खाली व्यायामशाळा चालू असते त्यामुळे डंबेल पडल्याचे आवाज, तबला लावणाऱ्याची चिडचिड. आणि तुमचा वेळ संपला की पुढची बॅच दारात उभी, मग सीन अर्धवट टाकून बाहेर, हे फाईटच्या बाबतीत वाईट कारण अर्धवट बसलेली फाईट पोरं घरी जाऊन स्वतःच करून बघतात.

दुसरं, सरांची आवड फिल्मी आहे. गेटच्या मारामारीत त्यांनी इतक्या कोलांट्या आणि उड्या टाकल्या होत्या की गिरणी कामगार सर्कशीतले वाटायला लागले. सहा महिने पगार नसलेला माणूस हवेत फिरत नाही, तो थकलेला असतो, काठीवर रेलतो, मारून झाल्यावर खाली बसतो. आम्ही तसं बोललो तर त्यांनी ऐकलं, निम्म्या उड्या काढल्या, पण बोलावं लागलं. तुमचं नाटक काय मागतंय ते तुम्हाला माहीत हवं, नाहीतर ते त्यांच्या सवयीने बसवून देतील आणि ते दिसायला भारीच दिसेल, त्यामुळे तुम्हाला नाही म्हणणं आणखी अवघड.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. त्यांच्याकडे दोन असिस्टंट आहेत, दोघं मुलगे. केस ओढायचा, ढकलायचा, गळा धरायचा सीन मुलींना शिकवताना हात कुठे ठेवायचा हे दाखवणारा प्रत्येक वेळी पुरुषच. त्यांच्या वागण्यात काहीही वावगं नव्हतं हे स्पष्ट लिहिते, प्रत्येक वेळी विचारून, सांगून, मगच हात. तरी पहिल्या सेशनला आमच्या दोघी मुली अवघडल्या होत्या आणि अवघडलेलं अंग दुखापत करून घेतं. आम्ही सांगितल्यावर त्यांनी ओळखीतल्या एका ताईंना बोलावलं, त्या मार्शल आर्टवाल्या, आणि त्या आल्यावर वहिनीचा सीन एकदम मोकळा झाला. पण हे मागावं लागू नये. बुकिंग करतानाच सांगा की बाई ट्रेनर हवी, आणि ती पहिल्या सेशनपासून हवी.

पैशांचं. ते तासावर नाही, सीनवर घेतात, आणि स्टुडंट म्हटलं की कमी करतात. आमच्या दोन मारामाऱ्या, थोबाडीत आणि पडणं धरून, पंधरा हजारांच्या आत झालं, हॉलचे पैसे वेगळे. थिएटरमध्ये रंगीत तालमीला त्यांना बोलवायचं असेल तर ते पण वेगळे, आणि बोलवाच. स्टेजवर गेल्यावर सगळे कोन बदलतात, बाल्कनीतून बघितलं तर थोबाडीतली फट दिसते, ते त्यांनी स्वतः वर जाऊन बसून दुरुस्त केलं. काही कॉलेजं म्हणतात एवढे पैसे कशाला, यूट्यूबवर बघून करू. बघा, पण यूट्यूब तुमच्या धाकट्याच्या डोळ्यात बघून सांगणार नाही की हा आज घाबरलाय, आज हा फटका काढून टाका. सरांनी रंगीत तालमीला तेच केलं, एक ढकलणं काढलं कारण त्या पोराला ताप होता, कुणाला काही कळलं नाही.

व्हिडिओ काढू देतात पण फक्त अर्ध्या वेगाचा. पूर्ण वेगाचा दिला की पोरं त्या वेगाने सराव करतात म्हणून देत नाहीत, आणि मला ते बरोबर वाटतं. लिहून मात्र काहीच देत नाहीत, त्यामुळे टीममधल्या कुणीतरी वही ठेवायचीच. मात्रा लिहा, कुठला पाय पुढे ते लिहा, टाळी कोण देतोय ते लिहा, डोळ्यांची खूण कुणाकडून ते लिहा. नट बदलला तर त्या वहीवरूनच नवीन माणूस बसतो. आमचा शेजारी झालेला मुलगा परीक्षेमुळे एका प्रयोगाला नव्हता, वहीवरून दुसऱ्याला बसवला आणि फाईट कॅप्टनने दोन तालमींत त्याची टाळी पक्की करून घेतली.

जुलैपासून युवा महोत्सवाच्या टीम येतात आणि थंडीत परत स्पर्धांचा सीझन, तेव्हा तारखा मिळत नाहीत. मे महिन्यातच फोन करा, सोबत तुमचा तबलजी किंवा ढोलकीवाला घेऊन जा आणि सरांना ताल आधी ऐकवा, संहिता नंतर दिली तरी चालेल.